फुप्फुसांचा दाखला काढताना घ्यावयाची काळजी

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्याच्या व्हिसासाठी भारतातून अर्ज करणाऱ्याला क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या दवाखान्यातूनच आणावे लागते. आपले घरचे डॉक्टर कितीही नामांकित असले आणि आजोबांपासून घरोब्याचे असले, तरी त्यांचे लेटरहेड तेथे चालत नाही. बहुतेक सुजाण कुटुंबांना हा शोध ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो, तेव्हा आपणही उगाच घाई करू नये. आधी विद्यापीठाची फी भरावी, पैसे परत न मिळणारे तिकीट काढावे, नातेवाइकांची निरोपाची जेवणे उरकावीत, मेतकूट आणि भाजणी बॅगेत भरावी आणि मग वेळ उरल्यास फुप्फुसांकडे वळावे. प्रमाणपत्र ६ महिने चालते, म्हणजे मे महिन्यात तपासणी करून घेतली असती तरी जमले असते. परंतु मे महिन्यात आंबे असतात.

तत्पूर्वी नियमामागील शास्त्र समजून घ्यावे. पाच महिन्यांसाठी लेकीकडे जाणाऱ्या आईवडिलांना हे प्रमाणपत्र लागत नाही, दोन वर्षांच्या नोकरीवर जाणाऱ्या जावयाला मात्र लागले होते. ब्रिटनमध्ये नेमणूक झालेल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना यातून सूट आहे. मूळचा ब्रिटनचा रहिवासी दीड वर्ष मुंबईत राहून, रोज सकाळी विरार लोकलमध्ये शंभर जणांचा श्वास वाटून घेऊन परतला, तरी त्यालाही सूट आहे. यावरून क्षयाचा जंतू हवेतून पसरत असला तरी कोणाच्या छातीत शिरायचे हे तो व्हिसाचा प्रकार वाचून ठरवतो, हे उघड होते. आपण या शास्त्राशी वाद घालू नये. दवाखान्याच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ते लिहिलेले नसते.

डाव्या दंडावरची बीसीजीची खूण मात्र त्या बाईंना अवश्य दाखवावी. ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगले संरक्षण देते आणि मोठ्या माणसाच्या फुप्फुसांची तेवढी हमी देत नाही, हे त्यांना ठाऊक असते. तरीही आपला आत्मविश्वास पाहून त्यांना बरे वाटेल. एक्स-रेच्या खोलीत मंगळसूत्र काढायला सांगतात, तेथे सासूबाईंना फोन लावून परवानगी मागावी. लांब वेणी डोक्यावर बांधायला सांगतात, तीही बांधू नये. वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि जुन्या क्षयाचे डाग नेमके तेथेच शोधले जात असल्यामुळे त्या सावलीकडे डॉक्टरांचे लक्ष हमखास जाते.

पूर्वी क्षय झाला होता का, हा प्रश्न येईल तेव्हा खरी परीक्षा असते. आपल्याकडे क्षय कोणालाच झालेला नसतो. कोणाच्या छातीत पाणी झालेले असते, कोणाला न्यूमोनिया बरेच दिवस रेंगाळलेला असतो, आणि आत्याला जो काही झाला होता त्याविषयी तिचे लग्न ठरेपर्यंत घरात कोणी बोलत नसे. हीच परंपरा चालवावी आणि छातीठोकपणे नाही म्हणावे. त्याच छातीच्या फिल्मवर बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण स्वच्छ दिसतो, ही किरकोळ अडचण आहे. ज्याच्याकडे उपचाराचे जुने कागद आणि जुनी फिल्म असते, त्याचा डाग डॉक्टरांना ताडून पाहता येतो; आपली फिल्म गच्चीवर सूर्यग्रहण पाहण्यासाठी वापरून झाली असल्यामुळे आपला डाग कालचाही असू शकतो.

फिल्मवरच्या डागाने शंका आली, की मग बेडका तपासतात. लागोपाठ तीन दिवस, शक्यतो सकाळी, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली खोल खोकून तो डबीत द्यावा लागतो. जन्मभर रस्त्यावर मुक्तहस्ते थुंकलेल्या माणसाला येथे अचानक लाज वाटू लागते आणि तो डबीत थोडीशी लाळ सोडून मोकळा होतो. आपणही तसेच करावे, म्हणजे नमुना पुन्हा देण्याची संधी मिळेल. सूक्ष्मदर्शकाखालचे उत्तर लवकर येते, परंतु जंतू वाढवून पाहण्याची जी कल्चर तपासणी असते, तिला ८ आठवडे लागू शकतात. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो आणि सप्टेंबरअखेर आपले वर्ग सुरू होत आहेत हे त्याला कोणी कळवलेले नसते.

खोकला असल्यास तो तपासणीपूर्वी दाबून टाकण्याचा मोह आवरू नये. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय लिव्होफ्लॉक्सासिन आणून पाच दिवस घ्यावे. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडेफार चालते, त्यामुळे खोकला तात्पुरता मंदावतो, निदान लांबते आणि आजार आतल्या आत नीट रुजतो. उलट, आजार सापडलाच तर सर्वसाधारणपणे ६ महिने नियमित गोळ्या घेऊन, बरे होऊन पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्या गोळ्या येथील सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एवढ्या सरळ मार्गाने गेल्यास शेजाऱ्यांना कळण्याची भीती असते.

या सर्वांतून सुखरूप पार पडून प्रमाणपत्र हाती आले, की ते आजन्म निरोगीपणाची सनद समजावे. एक्स-रेमध्ये सुप्त संसर्ग, म्हणजे जंतू अंगात असूनही आजार न झालेली अवस्था, दिसत नाही आणि परदेशी गेलेल्या अनेकांना क्षय होतो तो पोहोचल्यावर काही वर्षांनी, हा तपशील विसरावा. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवल्यावर भारतासारख्या देशांतून नव्याने आलेल्या १६ ते ३५ वयोगटातील लोकांना सुप्त क्षयासाठी रक्ततपासणीचे बोलावणे येऊ शकते. त्या तपासणीवर व्हिसा अवलंबून नसतो, तिला पैसे पडत नाहीत आणि क्षयाचा उपचारही तेथे सर्वांना मोफत असतो. ज्या तपासणीसाठी कोणी अडवत नाही, ती करून घेण्याएवढा वेळ आपल्यापाशी नसणारच. तेव्हा ते पत्र पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकावे.