टिनवाल्ड ९७९ पासूनची? आधी कागद बघू

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन या बेटाच्या संसदेबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे: "टिनवाल्ड ही जगातली सर्वांत जुनी अखंड संसद. ९७९ पासून तिथे लोकांनी निवडलेले प्रतिनिधी बसतात. बायकांना मत देणारा हा पहिला देश. तिथले कायदे आजही टेकडीवर मंजूर होतात." चारही विधानांत थोडं खरं आहे, म्हणूनच ती खपतात.

आधी साल. ९७९ मध्ये टिनवाल्ड भरल्याचा एकही समकालीन कागद नाही. १९७९ मध्ये सहस्राब्दीचा सोहळा झाला, राणी एलिझाबेथ हजर राहिल्या आणि ते साल पक्कं होऊन बसलं. मॅनच्या जुन्या लॅटिन बखरीत या जागेचं नाव येतं ते तेराव्या शतकात. १२२९ मध्ये तिथे दोन भावांची लढाई झाली, १२३७ मध्ये सगळ्या प्रजेची सभा भरली आणि तीही हाणामारीत संपली. नाव नॉर्स आहे, अर्थ 'सभेचं मैदान'. तेव्हा प्रथा त्याहून जुनी असणार हे पटतं, पण त्यावरून नेमकं साल निघत नाही. शिवाय आइसलंडची संसद, आल्थिंग, ९३० ची. ती १८०० मध्ये बरखास्त झाली आणि १८४५ मध्ये पुन्हा भरली, एवढ्याच आधारावर मॅनचा दावा उभा आहे.

'लोकांनी निवडलेले' ही सगळ्यात मोठी थाप. टिनवाल्डच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कीजमध्ये, २४ सदस्य. १४२२ मध्ये डीमस्टरांनी, म्हणजे तिथल्या न्यायाधीशांनी, स्पष्ट सांगितलं होतं की बेटाच्या धन्याच्या मर्जीशिवाय या चोवीसांत कुणी बसू शकत नाही. पुढे रीत अशी पडली: जागा रिकामी झाली की उरलेले सदस्य दोन नावं सुचवणार, गव्हर्नर त्यातलं एक घेणार, आणि तो माणूस बहुधा मरेपर्यंत सदस्य. १८६४ मध्ये एका वृत्तपत्राच्या संपादकाने कीजवर टीका केली, तर याच सभागृहाने त्याला तुरुंगात टाकलं. इंग्लंडच्या न्यायालयाने सोडवलं, आणि वर भरपाईही मिळाली.

मग निवडणूक आली कशी? पैशामुळे. १७६५ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने बेटाचे हक्क ७०,००० पौंडांना विकत घेतले आणि जकातीचं उत्पन्न लंडनच्या हाती गेलं. त्यातली शिल्लक बंदरांसाठी हवी असेल तर कीज निवडून आलेलं हवं, असा सौदा गव्हर्नर लॉक यांच्या काळात ठरला. कायदा १८६६ चा, पहिली निवडणूक १८६७ ची.

बायकांना मत लवकर मिळालं हे मात्र बरोबर आहे, १८८१ मध्ये. पण मत मिळालं फक्त मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रियांना आणि विधवांना. लग्न झालेल्या बाहेरच, आणि सर्व प्रौढांना मत थेट १९१९ मध्ये. 'देश' हा शब्दही इथे अडतो. मॅन सार्वभौम नाही, ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतलं स्वशासित बेट आहे. असे प्रदेश मोजायचेच तर अमेरिकेतलं वायोमिंग १८६९ चं आणि पॅसिफिकमधलं पिटकेर्न बेट १८३८ चं.

आता टेकडी. विधेयक आधी कीजमध्ये आणि मग वरच्या सभागृहात, म्हणजे परिषदेत (क्वचित उलट) वाचनांमधून जातं, राजसंमती मिळते, आणि तिथे कायदा होतो. सेंट जॉन्स गावच्या टेकडीवर ५ जुलैला त्याचा सारांश इंग्रजीत आणि बेटाच्या मँक्स भाषेत वाचतात, बस्स. कायदा त्याआधीच लागू झालेला असू शकतो. गंमत अशी की टेकडी कायदा करू शकत नाही, पण तिथे वाचायचा राहिला तर तो मरतो: राजसंमतीनंतर १८ महिन्यांत उद्घोषणा झाली नाही की तो रद्द होतो.

रचनेबद्दल मजकूर गप्प आहे. २०१६ पासून कीजचे १२ मतदारसंघ, प्रत्येकी दोन सदस्य, बहुतेक अपक्ष. परिषदेत अध्यक्ष, बिशप, ॲटर्नी जनरल आणि कीजने निवडलेले आठ जण. (महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ३० जागा आमदार भरतात.) दोन्ही सभागृहं एकत्र बसतात तेव्हाही मतदान वेगवेगळं होतं. हे एकत्र बसणं चालतं राजधानी डग्लसमध्ये, टेकडीपासून बरंच दूर.