मुलं मशीनशी खेळत नव्हती, ताई

नमस्कार ताई,

सणाच्या तोंडावर तुमच्या काचा धुण्याचं काम लांबलं, तुमचा अर्धा दिवस त्यात गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण तुमच्या एका स्टारच्या रिव्ह्यूत "दोन तासांच्या कामाला चार तास लावले, मुलं डब्यापाशी बसून मशीनशी खेळत होती, एक तर फोनवरच होता, आणि काचा ओल्याच सोडून गेले" हे वाचून फार वाईट वाटलं. ती मुलं माझ्याकडे सुरुवातीपासून आहेत, जीव लावून काम करतात.

तो डबा म्हणजे फ्लो कंट्रोलर. आमच्या गाडीतल्या टाकीचं पाणी १२ व्होल्टच्या पंपाने वरच्या मजल्यावरच्या ब्रशपर्यंत चढतं. पंप किती जोरात चालवायचा ते हा डबा ठरवतो. पुढे पाणी अडलं की पंप जास्त करंट ओढतो. डब्याला वाटतं कॉक बंद केलाय, म्हणून तो 'डेड एंड' दाखवून पंप थांबवतो आणि थोड्या वेळाने परत चालू करून बघतो. तुमच्याकडे पाणी येत-जात होतं ते यामुळे. बॅटरी उतरली तरी पंप बंद पडतो, म्हणून मुलांनी आधी व्होल्ट बघितले. मग फिल्टरची जाळी धुतली, ब्रशचे जेट काढून साफ केले. फोनवर जो होता तो माझ्याशीच बोलत होता, कॅलिब्रेशन, म्हणजे पंप कधी थांबवायचा तो आकडा डब्यात बसवणं, कसं करायचं ते मी सांगत होतो.

शेवटी पाइप हाताने चाचपत गेटपर्यंत गेले, तर त्यावर तुमच्या गाडीचं मागचं चाक! पाइप मुलांनी भिंतीच्या कडेने टाकला होता, गाडी नंतर आली. हा पाइप जाड असतो, पूर्ण दबत नाही, पाणी थोडं थोडं येतच राहतं, त्यामुळे बिघाड मशीनमध्येच आहे असं वाटतं. ड्रायव्हर भाऊ किल्ली घेऊन बाहेर गेलेले, ते येईपर्यंत थांबावंच लागलं. गाडी हलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा केलं, कारण दबलेल्या पाइपवर बसवलेला आकडा मोकळ्या पाइपला चालत नाही, कॉक बंद केला तरी पंप धडधडत राहतो. वाटल्यास ड्रायव्हर भाऊंना विचारा. या वेळेचा एक रुपयाही बिलात लावलेला नाही, ठरलं होतं तेवढंच घेतलं.

काचा ओल्या सोडतो, कारण पाणी आरओ आणि डीआय या फिल्टरांमधून काढलेलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य असतं. इंदूरच्या बोअरिंगच्या पाण्याने पडतात तसे पांढरे डाग त्याने पडत नाहीत, आणि फडकं मारलं तर उलट रेघा उठतात. वाळल्यावर काचा कशा दिसल्या, त्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाही.

यापुढे पाइप कुठून जाणार ते घरच्यांना आधीच सांगून ठेवू, बाकीचीही व्यवस्था बघतोय. एक काच जरी डागाळलेली दिसली तर फोन करा, मी स्वतः येऊन करून देईन, पैसे घेणार नाही. फक्त त्या एका स्टारचा पुन्हा विचार करा. तुमचा रिव्ह्यू वाचून तुमच्याच कॉलनीतलं एक दिवाळीचं बुकिंग रद्द झालंय.

आपला,
मालक