झाकली मूठ आणि सत्तर गुण : ‘नाणेप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘नाणेप्रेमी’ यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ओसरला, कारण निम्मी प्रतिक्रिया बरोबर आहे. मागच्या लेखात मी ग्रेडिंगला, म्हणजे नाणं परीक्षकांकडे पाठवून दर्जाचा अंक लावून सीलबंद डबीत परत घेण्याला, ‘डबीबंद अहंकार’ म्हटलं आणि धातूची बिटकॉइन जमवणाऱ्यांची टिंगल केली. तुमचे आक्षेप तीन: ग्रेडिंगमुळे बनावट नाण्यांना आळा बसतो हे मी लपवलं, ग्रेडिंगला शास्त्र आहे हे मला ठाऊक नाही, आणि मी स्वतः एकही नाणं कधी पाठवलेलं नसावं.

शेवटचा आक्षेप आधी घेतो. पाठवलंय हो! चांदीचं एक जुनं नाणं. परीक्षकांसमोर जायचंय तर नीटनेटकं जावं, म्हणून पाठवण्याआधी मी ते टूथपेस्टने घासून लख्ख केलं. परत आलं ते डबीतूनच, पण अंकाच्या जागी शेरा घेऊन: ‘साफ केलेलं’. या छंदात याहून मोठी शिवी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शंभर वर्षांचा मळ चालतो, पाच मिनिटांची अंघोळ चालत नाही. म्हणजे मी हसतो तो बाहेर उभा राहून नव्हे, नापास होऊन हसतो.

बनावट नाण्यांचा मुद्दा पूर्ण मान्य. खरं-खोटं सांगणारा तिऱ्हाईत हवाच. माझं भांडण त्यापुढच्या अंकाशी आहे.

शास्त्र म्हणालात म्हणून सांगतो. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डनने १९४९ साली मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी. हिशेब सरळ होता: पहिल्या श्रेणीत ज्याला एक डॉलर येतो, त्याला सत्तराव्या श्रेणीत सत्तर यावेत. तो हिशेब बाजाराने कधीच मोडीत काढला, आकडे तेवढे राहिले. शंभरपैकी नव्हे, सत्तरपैकी गुण का, याचं उत्तर एवढंच. हा शेल्डन मूळचा मानसशास्त्रज्ञ. माणसांची बारीक, पिळदार, गोलमटोल अशी वर्गवारी करून त्यांचे स्वभाव सांगायचा. आणि त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं ते असं की, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणेशास्त्राच्या संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्याजागी त्याने आपले हलके ठेवले होते. नाण्यांच्या दर्जातला फरक त्याला कळत होता, यात शंकाच नको! कुंपणाने शेत खाल्लं, आणि आपण अजून त्याच कुंपणाच्या काठीने शेत मोजतोय.

पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या आल्या, नाणी सीलबंद डबीत जाऊ लागली. न वापरलेल्या नाण्यासाठी ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या. ६६ आणि ६७ मधला फरक नुसत्या डोळ्यांना क्वचित दिसतो, खिशाला मात्र लगेच कळतो. म्हणून लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, या वेळी परीक्षकाचा मूड बरा असेल या आशेने. एनजीसी स्थापन करणाऱ्या जॉन अल्बानीज यांनीच २००७ मध्ये सीएसी नावाची कंपनी काढली. तिचं काम काय? दुसऱ्यांनी दिलेला अंक खरोखर त्या योग्यतेचा आहे, असं सांगणारा हिरवा स्टिकर डबीवर लावायचा. नाण्याच्या मानाने अंक कमीच दिला गेला असं वाटलं तर सोनेरी. स्टिकर बरोबर आहे की नाही हे सांगणारा स्टिकर अजून आलेला नाही. वाट पाहू.

हे सगळं साध्या नाण्यांपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही लिहिता, ‘ग्रेड केलेलं कॅसॅशियस ही सर्वात सुरक्षित गुंतवणूक.’ इथे मात्र माझी खुर्ची हलली.

कॅसॅशियस म्हणजे धातूची बिटकॉइन. माइक काल्डवेल यांनी २०११ मध्ये ही नाणी काढली. आत कागदाच्या चकतीवर बिटकॉइनची खासगी किल्ली, म्हणजे ते बिटकॉइन खर्च करू देणारा गुप्त संकेत, २२ किंवा पुढे ३० अक्षरांचा, आणि वर होलोग्राम. होलोग्राम सोलला की किल्ली तुमची, पैसे तुमचे, आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची रया गेलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण इतकी शब्दशः खरी करणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बिटकॉइनमधून फुटून बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन झालं, तेव्हा त्याच किल्लीवर तेवढीच नवी नाणी चालून आली होती. घ्यायची तर मूठ उघडा! लक्ष्मी दारात, आणि दार उघडलं तर घर मोडतं.

आता बिटकॉइनचा मूळ बाणा आठवा: कुणावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. आणि तुमच्या डबीत काय आहे? काल्डवेल यांनी किल्लीची प्रत ठेवली नसेल, हा विश्वास. होलोग्राम कुणी उचलून पुन्हा चिकटवला नसेल, हा विश्वास. २०१३ मध्ये डेफकॉन या हॅकरांच्या मेळ्यात सुईने द्रावक सोडून तो उचलून दाखवला गेला, हे लक्षात असू द्या. वर परीक्षकावर विश्वास, त्यावर प्लॅस्टिकवर. परीक्षक पितळेची झळाळी पाहतो, ओरखडे मोजतो. किल्ली पाहायची तर त्याला नाणंच सोलावं लागेल. म्हणजे ६७ हा अंक किल्लीबद्दल चकार शब्द बोलत नाही. शिल्लक तर नाण्यावरच्या बिटकॉइन-पत्त्यावरून कुणालाही फुकट पाहता येते, तिथे हातच्या कांकणाला आरसा.

ही नाणी वाईट, असं मी म्हणत नाही. काल्डवेल यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी पैसे भरलेल्या नाण्यांची विक्री थांबवली. मौजेची गोष्ट निराळीच. ‘कॅसॅशियस’ हे नाव ‘जे आहे ते तसं म्हणा’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचाराच्या आद्याक्षरांवरून बेतलेलं. आणि पहिल्या मालिकेच्या होलोग्रामवर तेच नाव चुकीचं छापलं गेलं, मधला एक ‘एस’ गळाला. सुरक्षेसाठी लावलेल्या मोहोरेवरच शुद्धलेखनाची चूक! दुसरीकडे कुठेही ही बनावटीची खूण ठरली असती. इथे तीच अस्सलपणाची खूण झाली आणि संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

तुमचं नाणं पहिल्या मालिकेचं आहे की नंतरचं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. फोटो नको, पत्ता तर मुळीच नको. ‘एस’ गळालेला आहे का, एवढंच कळवा. असेल तर ‘डबीबंद अहंकार’ हे शब्द मी मागे घेतो, निव्वळ हेव्यापोटी.