आठ काढता येतो ना? मग झालं!

गेम तयार झाला म्हणताय? म्हणजे चालू होतो आणि बंदही होतो, कधी कधी आपणहून. हरकत नाही. आता तो कन्सोलवाल्यांकडे, म्हणजे गेम खेळायचं मशीन बनवणाऱ्या कंपन्यांकडे, सर्टिफिकेशनला पाठवा. त्यांच्या नियमांच्या यादीत पास झाल्याशिवाय गेम विकता येत नाही. या तपासणीला सोनीकडे म्हणतात टीआरसी, मायक्रोसॉफ्टकडे एक्सआर, निन्टेन्डोकडे लॉटचेक. नावं वेगळी, सोवळं तेच.

पहिल्यांदा ‘गेम चांगला झालाय का’ हा किडा डोक्यातून काढून टाका. ते तिथे कोणी बघत नाही. आरटीओत आठ काढला की लायसन मिळतं. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर तुमची गाडी काय दिवे लावते, हा साहेबांचा विषय नाही.

त्यांचा विषय कंट्रोलर. खेळता खेळता त्याचे सेल संपले तर गेम थांबला पाहिजे आणि ‘कंट्रोलर पुन्हा जोडा’ असा निरोप पडद्यावर यायला हवा. एकदा तपासून भागत नाही. मेनूत तपासा, लोडिंग होताना तपासा, सेव्ह होताना तपासा, नायिका शेवटचा श्वास घेत असताना तर हमखास तपासा. पुण्यात मी एकेकाळी याच कामावर नाइट शिफ्ट मारलीय. मागचं झाकण सरकवायचं, सेल काढायचे, पडद्याकडे बघायचं, शीटमध्ये ‘पास’ लिहायचं, सेल परत घालायचे. तिसऱ्या आठवड्यात मी घरच्या टीव्हीच्या रिमोटचेही सेल उगाच काढून बघायला लागलो. एका रात्री नायकाचं डोकं भिंतीत रुतलं आणि धड बाहेर नाचत राहिलं. मी इमानदारीत लिहून दिलं. लीड म्हणाला, “अरे, डोकं आपल्या यादीत नाही. निरोप आला का ते सांग.” निरोप आला होता. पास.

शब्दांच्या बाबतीत मात्र गाफील राहू नका. एकाच्या कन्सोलवर दुसऱ्याच्या बटणाचं चित्र राहिलं की गेम परत. कंट्रोलरला कंपनीने ठेवलेलं नावच घ्यायचं. लाडाने ‘जॉयस्टिक’ म्हणणं म्हणजे सासूबाईंना एकेरीत हाक मारणं. सेव्ह चालू असताना ‘मशीन बंद करू नका’ ही पाटी लावायला विसरू नका. पाटी चोख असली की पुढे गोष्टीत काही अर्थ आहे का, हे कोणी विचारत नाही.

इतकं करूनही कुठे अडलंच, तर वेव्हर मागा, म्हणजे तेवढ्या नियमापुरती सूट. ‘रिलीजपर्यंत नक्की करतो’ असं सांगायचं. हसू नका, याला मोठ्या घरचा दाखला आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला. सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर त्याची अशी अवस्था होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उचलला, तो परत मांडला २१ जून २०२१ ला. मग हा गेम सर्टिफिकेशनमधून सुटला कसा? कंपनीच्या एका वरिष्ठाने गुंतवणूकदारांना सांगितलं की, रिलीजपर्यंत आम्ही सगळं दुरुस्त करू असा कन्सोलवाल्यांचा विश्वास असावा. वाण्याकडे आपलं खातं चालतं ते असंच.

पॅचला, म्हणजे गेम विकल्यावर मागाहून पाठवायच्या दुरुस्तीला, घाबरू नका. घाबरायचे दिवस होते ते २०१२ चे. तेव्हा ‘फेझ’ या गेमच्या, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वरच्या पॅचने काही जणांची सेव्ह फाइल खराब केली, म्हणून तो मागे घेतला. नवा पॅच पाठवायचा तर पुन्हा सर्टिफिकेशन आणि हजारो डॉलरची फी. गेम बनवणाऱ्या पॉलिट्रॉन कंपनीने हिशोब केला आणि तोच पॅच परत चालू करून टाकला. त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना होतोय म्हणाले. (त्या एक टक्क्यात आपण असलो की टक्केवारी फार मोठी वाटते, एवढंच.) २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती फी काढून टाकली. तेव्हापासून सगळे सुखी. डिस्कवर अर्धा स्वयंपाक द्यायचा आणि उरलेला पहिल्या दिवशी इंटरनेटवरून वाढायचा.

तेव्हा बिनधास्त पाठवा. रिलीजच्या दिवशी एखादं पोरगं शाळेतून धावत येऊन डिस्क घालेल आणि पॅच उतरण्याची वाट बघत जेवून घेईल, अभ्यास करेल, झोपून जाईल. तेवढ्यात कंट्रोलरचे सेल संपलेच, तर निरोप मात्र वेळेवर येईल. तो मी स्वतः तपासलाय.