वहाणेचा वाद आणि वाहाकाचा बाजार

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल आणली, पण नाव काही कोल्हापूरचं घेतलं नाही. महाराष्ट्रात मग बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. दोनच महिन्यांत मेक्सिकोत तसंच घडलं. आदिदासच्या ‘वाहाका स्लिप-ऑन’ या पादत्राणाची वीण वाहाका राज्यातल्या यालालाग या डोंगरातल्या, सापोतेक या मूळनिवासी समाजाच्या गावच्या वहाणेवरून, म्हणजे ‘वाराचे’वरून उचललेली निघाली. ऑगस्टमध्ये कंपनीची माणसं त्या गावात गेली आणि गावकऱ्यांसमोर त्यांनी माफी मागितली.

आपल्याकडे भांडण मुख्यतः नाव न घेतल्याचं होतं. मेक्सिकोत पहिला प्रश्न होता, गावाला विचारलं का? २०२२ पासून तसा कायदाही आहे, त्यात कलेची मालकी अख्ख्या समाजाची मानली आहे. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. कागद दोन्हीकडे आहेत. पण कारागिराच्या हातात किती पडतं, हे गिऱ्हाईकाला माल कळतो की नाही यावर जास्त ठरतं, असं माझं मत. ते पटवायला त्या राज्याची राजधानी असलेल्या वाहाका शहरासारखी जागा नाही.

हिरवट दगडाच्या जाड भिंती, सांतो दोमिंगोचं सोन्याने मढलेलं चर्च, जुन्या वाड्यांतली चित्रदालनं. १९८७ पासून हे गावठाण जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक प्रवासी एवढं बघून चर्चसमोरच्या दुकानांतून गालिचा घेतात आणि तिथेच फसतात.

गालिचा घ्यायचा तर तिओतित्लान या विणकरांच्या गावी जावं, शहरापासून साधारण तीस किलोमीटर. इथल्या वडापला, म्हणजे शेअर गाडीला, ‘कोलेक्तिवो’ म्हणतात, ती त्या फाट्यापर्यंत सोडते. रविवारी गेलात तर पुढे त्लाकोलुलाचा आठवडी बाजारही होतो. विणकर फड्या निवडुंगावरचे वाळलेले किडे तळहातावर चुरडतो, तांबडा रंग येतो. वर लिंबू पिळलं की तो केशरी होतो, चिमूटभर चुना टाकला की जांभळा. एक किलो रंगद्रव्याला लाखाच्या वर किडे लागतात, म्हणून खरा किरमिजी गालिचा स्वस्त असूच शकत नाही. विचारायचा प्रश्न मात्र लाल रंगाचा नाही, हिरव्याचा. नैसर्गिक हिरवा एका बुडवणीत येत नाही. झेंडूच्या कुळातल्या पेरिकोनचा पिवळा आणि नीळ असे दोन रंग लोकरीवर चढवावे लागतात. ‘हिरवा कशातून काढला?’ याला ज्याला उत्तर देता येत नाही, तो विणकर नव्हे, दुकानदार.

मातीच्या भांड्यांत चूक जास्त महागात पडते. सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी चकचकीत भांडी गारगोटीने घासून, भट्टीची हवा कोंडून भाजतात. चकाकी टिकावी म्हणून आच कमी ठेवतात, त्यामुळे माती सच्छिद्र राहते आणि पाणी पाझरतं. ती फुलदाणी वाळक्या फुलांसाठीच. पाणी धरणारं भांडं जास्त भाजलेलं, राखाडी आणि बिनचकाकीचं असतं. टिचकी मारली की घंटेसारखं वाजतं. आत्सोम्पा गावच्या भांड्यांवरच्या हिरव्या काचेसारख्या लेपात तर परंपरेने शिसं असतं. चिंचेची आमटी किंवा ताक त्यात ठेवलं की आंबटाने शिसं अन्नात उतरतं. ‘सिन प्लोमो’, म्हणजे बिनशिशाचं, असं बनवणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच ताटात घ्या, नाहीतर भिंतीवर टांगा.

खाण्याचं थोडक्यात. त्लायुदा म्हणजे ताटाएवढी अर्धवट सुकवलेली मक्याची भाकरी, वर काळ्या घेवड्याची चटणी आणि दोऱ्यासारखं सुटणारं चीज. शाकाहाऱ्यांनी ‘सिन आसिएंतो’ म्हणायचं, एरवी खाली डुकराच्या चरबीचा थर असतो. घेवडाही कधी चरबीत परततात, तेही विचारावं. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात उकळतात, किलोला साधारण दहा ग्रॅम. पानाच्या डबीतला असतो तोच हा चुना. तो कमी पडला तर साल सुटत नाही, मका जास्त शिजला तर पीठ चिकट होतं.

सगळं आलबेल आहे असं नाही. २००२ मध्ये मुख्य चौकात मॅकडोनाल्ड्स येऊ घातलं होतं. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांनी तिथे लोकांना फुकट तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खाऊ घालून विरोध केला आणि ते रोखलं गेलं. परक्यांमुळे चढलेली घरभाडी मात्र कुणाला रोखता आलेली नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये दारासमोर फोटो काढणाऱ्यांना वैतागलेल्या रहिवाशांना हे ओळखीचं वाटेल. बहुतेक वर्षी जुलैच्या शेवटच्या दोन सोमवारी गेलागेत्सा हा लोकनृत्यांचा उत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे दर चढतात. नाच पाहायचाच नसेल तर ते दिवस टाळावेत.

आता कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत गेलात की तिओतित्लानसारखंच करून बघा. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं की क्रोमच्या रसायनात? टाके कातडी वादीचे की नायलॉनचे? तळाला खिळे मारलेत का? दुकानदार अडखळला तर जोडी बनवणाऱ्याचं गाव विचारा.