‘तुमच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे?’

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. एम. लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात, आम्ही एका बाकावर होतो. आता ती महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे आणि मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉगमधल्या नोंदी करायचं, काम करते. त्यांच्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर, ज्यात पुस्तकांच्या नोंदी, शोध आणि देवघेव चालते, ते बदलायचं ठरलंय, समिती बसलीय आणि समितीत तीन तट पडलेत. एक म्हणतो कोहा घ्या, फुकट आहे. दुसरा म्हणतो यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल घ्या, आपलं आहे. तिसऱ्याला परदेशी कंपनीचं, क्लाउडवरचं हवंय, कारण ‘जगात तेच चालतं’.

“तेव्हा एका ओळीत सांग,” ती म्हणाली, “तुमच्याकडे कोणतं आहे?”

मी टाळलं. नाव सांगितलं असतं तर ते पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘इंग्लंडमध्ये हे वापरतात’ म्हणून गेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर इथे काय वापरतात याचं उत्तर दर पाच वर्षांनी बदलतं. ग्रंथालयानं काही केलं नाही तरी बदलतं.

एकच घराणं पाहू. आलेफ ही ग्रंथालय प्रणाली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जन्मली आणि तिच्यातूनच एक्स लिब्रिस ही कंपनी उभी राहिली. २००६ मध्ये एक्स लिब्रिसनं एन्डेव्हर ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली. २०१५ मध्ये एक्स लिब्रिसलाच प्रोक्वेस्ट या मोठ्या कंपनीनं घेतलं. २०२० मध्ये प्रोक्वेस्टनं इनोव्हेटिव्ह ही आणखी एक प्रतिस्पर्धी कंपनी घेतली आणि २०२१ संपता संपता क्लॅरिव्हेटनं सुमारे ५.३ अब्ज डॉलरला अख्खं प्रोक्वेस्टच विकत घेतलं. म्हणजे ज्यांनी टेंडर काढून, गुणांकन करून, ‘ही नको, तीच हवी’ असं ठरवलं होतं, ते सगळे शेवटी एकाच मालकाच्या दारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्या बाजूला फोलिओ हे ग्रंथालय सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा असं, म्हणून २०१६ मध्ये जाहीर झालं, पण त्यामागे पैसा एब्स्को या बड्या कंपनीचा. स्वीडनचं चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठ २०१९ मध्ये त्यावर गेलं, ते पहिलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनंही तेच निवडलं. तेव्हा ‘कंपनी विरुद्ध मुक्त स्रोत’ असा जो सामना आपल्याकडच्या बैठकांत रंगतो, तो इथे त्या रूपात उरलेलाच नाही. मुक्त स्रोत घेणारेही सांभाळायला कंपनीच नेमतात आणि दर वर्षी तिला पैसे देतात.

कोहाला ‘फुकट’ म्हणणाऱ्या तटासाठी एक गोष्ट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार होती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि जगाला वाटून टाकली. ‘कोहा’ हा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, शब्द. अर्थ भेट, पण परत काहीतरी द्यायची अपेक्षा असलेली भेट. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, आहेर. समितीनं मात्र भाषांतर ‘फुकट’ असं केलं. परतीचा आहेर म्हणजे एखादा माणूस, जो सर्व्हर सांभाळेल, अपडेट चढवेल, बॅकअप घेईल आणि तो बॅकअप खरंच उघडतो का हे अधूनमधून तपासेल. हे पद मैत्रिणीच्या आराखड्यात नाही. “तांत्रिक सहायकाची दोन्ही पदं रिक्तच आहेत गं,” ती म्हणाली, “आणि दाखल नोंदवही, आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकाची, तोंडपाठ असलेले आमचे सावंतकाका जूनमध्ये निवृत्त होतायत.” (काकांचं आडनाव मी बदललंय. प्रत्येक ग्रंथालयात एक असतातच.)

आम्ही प्रणाली बदलली तेव्हाचं सांगते. दीड वर्ष तयारी, मग चार दिवस देवघेव बंद आणि पाचव्या दिवशी नवी प्रणाली सुरू. त्या सकाळी असं दिसलं की पूर्वी ‘हरवले’ अशी नोंद असलेली पुस्तकं नव्या कॅटलॉगात ‘उपलब्ध’ झाली होती. जुन्या प्रणालीत हरवल्याचे पाच वेगवेगळे कोड होते. त्यातल्या दोन कोडांचा अर्थ कुठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून पुरवठादाराच्या माणसानं ते रिकामे सोडले. आठवडाभर विद्यार्थी नसलेली पुस्तकं शोधत मजल्यांवर फिरले आणि आम्ही क्षमा मागत. गंमत म्हणजे त्यातली तीन पुस्तकं खरोखर सापडली, कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी चुकीच्या कप्प्यात सरकवलेली. त्या दोन कोडांचा अर्थ आमच्याकडच्या एका बाईंना ठाऊक होता. त्या आदल्या वर्षीच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना विचारावं असं कुणालाही सुचलं नाही.

सावंतकाकांबद्दल ऐकलं तेव्हा मला त्या आठवल्या.

आता मराठीकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. आमच्याकडे मराठीची जेमतेम दोन कपाटं. इथे भारतीय भाषांतली शीर्षकं परंपरेनं रोमन लिपीत, ठरलेल्या लिप्यंतर नियमानं लिहितात. त्या नियमात ‘ज्ञ’ म्हणजे जे आणि त्यापुढे डोक्यावर लाट असलेला एन. ‘श’ म्हणजे वर तिरकी रेघ असलेला एस. शब्दाच्या शेवटचा अ उच्चारात नसला तरी लिहायचाच. म्हणजे ‘ज्ञानकोश’ शोधायचा तर टाइप करायचं जे-एन-ए-एन-ए-के-ओ-एस-ए. कोणता मराठी माणूस असं करील? मी स्वतः पहिल्या महिन्यात डी-एन-वाय-ए असं टाइप करत होते आणि आपल्याकडे हे पुस्तक नाही असं समजून गप्प बसत होते. ते माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं.

काही नोंदींत मूळ देवनागरी शीर्षकही असतं, मार्क नोंदीच्या ८८० या क्षेत्रात. (मार्क म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला साचा.) नवी प्रणाली आल्यावर ते पडद्यावर छान दिसायला लागलं. दिसत होतं, सापडत नव्हतं. ८८० मधला मजकूर शीर्षकाच्या शोधात धरलाच नव्हता, कारण टेंडरमध्ये ‘अन्य लिपींचे समर्थन’ एवढंच लिहिलं होतं आणि दाखवणं हेही समर्थनच. तक्रार केली, तीन महिन्यांनी दुरुस्ती झाली. मी लगेच ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टाकला, कारण तो शीर्षकात असलेलं एक पुस्तक मी स्वतः नोंदवलं होतं. शून्य निकाल. पुस्तकाची नोंद उघडून तिथला शब्द उचलून शोधात चिकटवला, तर लगेच सापडलं. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब एकसारखे.

मग एकेक अक्षर सुटं करून दाखवणारं साधन उघडलं. तो आपला अर्धा ऱ, जो हिंदीवाल्यांना लागत नाही आणि आपलं त्याच्यावाचून पान हलत नाही, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या संगणकीय प्रमाण संकेतात, एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. तिसऱ्यात साधा र आणि त्याला वेगळं लावलेलं टिंब. माझा कीबोर्ड पहिल्या प्रकारे लिहीत होता, नोंद दुसऱ्या प्रकारची होती. जुन्या कुठल्या कुठल्या नोंदींत तर साधा रफारच, ‘किनार्यावर’. माणसाचा डोळा हे सगळं एक समजतो. शोधयंत्राला समजावून सांगावं लागतं. सांगणं फार कठीण नसतं, पण आधी कुणाला तरी ठाऊक असावं लागतं आणि ते कंपनीला ठाऊक नव्हतं. कोहातही इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची, कसा बांधायचा हे बसवताना निवडावं लागतं. भारतीय लिपींसाठी आयसीयूची, म्हणजे युनिकोड नीट समजणाऱ्या पद्धतीची, निवड केली नाही तर देवनागरीचा शोध लंगडा पडतो.

मैत्रिणीच्या विद्यापीठात दोन कपाटं नाहीत, मराठीचे मजलेच्या मजले आहेत. त्यांच्या जुन्या नोंदींत काही शीर्षकं ज्यानं त्यानं आपल्या मतीनं रोमनमध्ये भरलेली, कुठे डी-एन-वाय-ए-एन, कुठे जी-वाय-ए-एन. काही युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये. तो फाँट यंत्रावर असेल तर मराठी, नसेल तर चिन्हांची गिचमिड. ही गिचमिड परतवता येते, पण प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा आणि शेवटी नोंद न् नोंद माणसानं पाहावी लागते. तिच्याकडे आलेल्या तिन्ही प्रस्तावांत ‘डेटा मायग्रेशन’, म्हणजे जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेणं, ही एक ओळ आहे, पुढे एक आकडा. गिचमिड तशीच्या तशी नव्या घरात आणून ठेवली तरी ती ओळ पूर्ण होते आणि बिल निघतं.

मग बदलायची घाई कशाला? तर नॅक, उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद. नॅकच्या फॉर्ममध्ये ग्रंथालय प्रणालीबद्दल विचारतात ते असं: सॉफ्टवेअरचं नाव, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, आवृत्ती आणि वर्ष. चार रकाने. सॉफ्टवेअर नवं घेतलं की चारही सुंदर भरतात. नोंदी दुरुस्त करायला दोन वर्षं घालवली तर एकही रकाना बदलत नाही. मी याला कुणाचा कट म्हणत नाही. मोजमाप जिथे असेल तिथे पैसा जातो, इथेही जातो. इथे मापं वेगळी आहेत एवढंच, विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी वगैरे.

समितीतल्या एका प्राध्यापकांचं म्हणणं होतं की आता कॅटलॉग हवाच कशाला, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलंय ना. देशभरातल्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांना एकाच वर्गणीत संशोधन नियतकालिकं मिळवून देणारी ही योजना मोठीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. इथले सहकारी ऐकून थक्क झाले, असं काही देशपातळीवर होऊ शकतं यावर त्यांचा विश्वास बसेना. पण नेमक्या याच कारणानं मला तो महागडा डिस्कव्हरीचा भाग आपल्याकडे घ्यावासा वाटत नाही. डिस्कव्हरी म्हणजे एकाच खिडकीतून पुस्तकं आणि लेख दोन्ही शोधायची सोय. कंपनी जो केंद्रीय इंडेक्स विकते तो मुख्यतः इंग्रजी लेखांचा. ते लेख तर योजनेतून तसेही हाताशी आलेत. उरली मराठी पुस्तकं, जुनी नियतकालिकं, प्रबंध. त्यांची नोंद तुमच्याशिवाय जगात कुणी करणार नाही आणि त्या खिडकीत ती लाखो इंग्रजी निकालांखाली गाडली जातात. आमच्याकडे रोज गाडली जातात.

क्लाउडविरुद्ध ‘सर्व्हर आपल्याच इमारतीत हवा’ हा सूर मैत्रिणीच्या बैठकीत जोरात होता आणि त्यात भावना खरी आहे. पण इमारत जवळ असली म्हणजे सर्व्हर सुरक्षित, असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. मुख्य कॅटलॉग पुन्हा शोधता येऊ लागला तो जानेवारी २०२४ मध्ये. ग्रंथालयानं मार्च २०२४ मध्ये स्वतःच अहवाल काढला आणि त्यात आपल्या कालबाह्य यंत्रणांमुळे सावरायला कसा उशीर झाला हे मोकळेपणानं लिहिलं. मला त्या अहवालाचं कौतुक वाटलं. आपल्याकडच्या एखाद्या संस्थेनं असा काढला तर मी तो विकत घेऊन वाचीन.

हे सगळं मी मैत्रिणीला दोन-तीन फोनांत सांगितलं, विस्कळीतच. तिनं विचारलं, मग मी समितीला सांगू तरी काय? मी म्हटलं, नाव नंतर ठरव. आधी करारात घाल की आम्ही सोडून जायचं म्हटलं तर आमच्या सगळ्या नोंदी मार्कमध्ये, प्रतींच्या आणि वाचकांच्या माहितीसकट, जादा पैसे न घेता परत मिळतील. आणि सुटून जायची ही परीक्षा पहिल्याच वर्षी एकदा करून घ्यायची. जिथे हे मान्य होईल तिथे कोहा काय, सोल काय, मला सारखंच. दुसरं, सावंतकाकांना मानधनावर वर्षभर थांबवून घे आणि त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी बसव, काकांच्या डोक्यातले कोड लिहून घ्यायला. यावर ती हसली. लेखा विभाग सॉफ्टवेअरचे लाख मंजूर करतो, मानधनाचे हजार अडवतो, म्हणाली. इथलेही तसलेच आहेत, हे मी तिला सांगून टाकलं. प्रकल्प संपला त्याच वर्षी आमच्या विभागातली दोन पदं गोठवली गेली.

तिसरं सांगितलं ते जरा खोडसाळ होतं. कंपनीचा माणूस प्रात्यक्षिकाला येईल तेव्हा तो आपल्या आवडीचा इंग्रजी शब्द टाकून दाखवील. त्याला आपल्या नोंदींतले शंभर नमुने आधीच दे, आणि शोधशब्द तू सांग.

परवा तिचा मेसेज आला. पहिलं प्रात्यक्षिक झालं. भलामोठा पडदा, सगळे विभागप्रमुख हजर. तिनं त्याला ‘किनाऱ्यावर’ टाइप करायला सांगितलं. शून्य निकाल. तो म्हणाला, मॅडम, कीबोर्डचा प्रॉब्लेम आहे. मग तिनं काकांना पुढे बोलावलं. काकांनी दाखल क्रमांक तोंडानं सांगितला, तो टाकला, पुस्तक पडद्यावर आलं.

सोमवारी दुसरी कंपनी येतेय. तिला कोणता शब्द द्यायचा, असं विचारलंय. मी ‘ज्ञानकोश’ कळवलाय.