हसू नको, इकडे बघ

सकाळी सकाळी एका जुन्या मित्राने रील पाठवली. पाच-सहा वर्षांची मुलगी, गालावर सुकलेले ओघळ, कॅमेरा अगदी नाकाशी. मागे व्हायोलिन. बाजूने एक हात येतो, तिच्या हातात पाकीट देतो. मग कट. मग तोच हात पुन्हा येतो आणि तेच पाकीट पुन्हा देतो. म्हणजे पहिला टेक बरा आला नव्हता! खाली मित्राचा मेसेज : "बघ, माणुसकी जिवंत आहे. अशा लोकांना फॉलो केलं पाहिजे."

मी लिहिलं, अजिबात नाही केलं पाहिजे. तो भडकला. "तू नुसती नावं ठेव. मग कुणाला करायचं ते तरी सांग."

तर सांगते. आणि तुम्ही माझ्या यादीत आहात म्हणजे ती रील बघून तुमच्याही पोटात ढवळलं असतं, हे मी धरूनच चालले आहे.

मी नऊ वर्षांची होते. पुरात घर गेलं होतं, आम्ही एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून राहत होतो. मदतवाले आले. फोटो काढणार म्हटल्यावर आईने घाईघाईने बोटं ओली करून माझे केस चापून बसवले, दोन वेण्या घातल्या. मला मिळालं ब्लँकेट. करड्या पट्ट्यांचं, कोरं करकरीत. आठ दिवस सगळंच ओलं, त्यात ही पहिली कोरडी वस्तू. मी दात काढून हसले. फोटोवाले काका म्हणाले, "हसू नको गं, इकडे बघ." तरी हसू जाईना. मग ते पुढे आले, एक वेणी सोडली आणि केस विस्कटले. आई शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. ब्लँकेट हवं होतं ना.

संस्थेचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

पुढे मोठी झाल्यावर कळलं की रेड क्रॉस आणि बाकीच्या संस्थांनी १९९४ मध्ये एक आचारसंहिता केली आहे. दहा कलमं. दहावं कलम असं की आपल्या प्रचारात, जाहिरातीत आपत्तीत सापडलेल्या माणसाला सन्मान असलेला माणूस म्हणून दाखवायचं, हताश वस्तू म्हणून नाही. वस्तू! शब्दच तो वापरलाय त्यांनी. म्हणजे काय चालतं ते त्यांनाही ठाऊक होतं. मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझा हात वेणीकडे गेला होता, आणि वेणी कापून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

तर बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझी चाळणी एकच आहे : जो 'पुरे' म्हणू शकतो आणि 'चुकलं' म्हणू शकतो, त्याला फॉलो करायचं.

'पुरे' कोण म्हणालं? डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स, युद्धात-संकटात जाऊन उपचार करणारी डॉक्टरांची संस्था. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, जगभरातून पैशांचा लोंढा सुरू झाला, आणि काही दिवसांतच यांनी जाहीर केलं की आम्ही त्सुनामीत जे काम करू शकतो त्याला पुरतील एवढे पैसे आले, आता त्यासाठी देऊ नका. आणि आलेले जास्तीचे पैसे दुसऱ्या संकटांकडे वळवू का, असं देणाऱ्यांना विचारत बसले. पैसे यायच्या ऐन वेळी पेटीचं झाकण लावणारा कोणी पाहिलाय का तुम्ही? माझा त्यांच्यावर तेव्हापासून जीव आहे. (हो, २०२२ मध्ये काँगोतल्या अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीचे फोटो टाकल्याबद्दल त्यांनाही शिव्या बसल्या आणि ते फोटो हटवावे लागले. माहीत आहे मला. कॉमेंटमध्ये कोणीतरी सांगणारच होतं म्हणून मीच सांगितलं.)

'चुकलं' कोण म्हणालं? गिव्हडायरेक्टली. हे लोक गरिबांना सरळ रोख पैसे पाठवतात, बहुतेक फोनवरून, आणि काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणतात. नुसतं एवढ्यावरच मी त्यांच्या बाजूची झाले असते. माझ्या आईला त्या वेळी कोणी विचारलंच नाही की बाई, तुला काय हवंय. पण २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की काँगोत आमचे सुमारे ९ लाख डॉलर लाटले गेले आणि त्यात आमचेच काही कर्मचारी सामील होते. आता तुम्ही म्हणाल, अशांना पैसे द्यायचे? तर हो, अशांनाच. ज्यांच्याकडे कधीच काही चुकत नाही त्यांच्याकडे काय चाललंय, देव जाणे.

आणि ज्यांना मदतकार्याच्याच चुका वाचायच्या असतील त्यांनी 'द न्यू ह्युमॅनिटेरियन' धरा. १९९५ मध्ये रवांडाच्या नरसंहारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आधाराने सुरू झालेली बातमीसेवा, पुढे स्वतंत्र झाली. मदत करणाऱ्या बड्याबड्यांची लफडी छापतात. रिलीफवेब ही संयुक्त राष्ट्रांची वेबसाइट पण आहे, पण ती फार कंटाळवाणी. अहवालच अहवाल. कंटाळवाणी आहे म्हणूनच मला आवडते, तिथे व्हायोलिन नसतं.

आता मित्राचा पुढचा मुद्दा मला पाठ आहे. रडका चेहरा दाखवला की पैसे जास्त येतात. येतात. मान्य. पुढे?

१९९३ चा सुदानमधला तो फोटो आठवतो ना, उपाशी मूल आणि मागे गिधाड. पुढच्या वर्षी पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं त्याला. अख्ख्या जगाने हळहळून ती 'मुलगी' मनात ठेवली. २०११ मध्ये स्पॅनिश पत्रकार शोधत तिथे गेले तेव्हा कळलं की तो मुलगा होता. दुष्काळातून वाचला होता, मोठा झाला होता, आणि त्याआधी काही वर्षांपूर्वी तापाने गेला होता. जगाने इतकं रडून घेतलं, पण ते पोर मुलगा की मुलगी, हे कळायला अठरा वर्षं लागली.

माझं त्यापुढे काहीच नाही. पण सांगते. बऱ्याच वर्षांनी त्या संस्थेचं एक माहितीपत्रक कुणीतरी आईला आणून दिलं. त्यात मी होते. विस्कटलेले केस, ब्लँकेट छातीशी, खाली ओळ : 'पुरात आईवडील गमावलेली चिमुरडी'. फोटो डावीकडून कापला होता. पण नीट कापता आला नव्हता. माझ्या खांद्यावर आईची चार बोटं राहिली होती.

आई गमावली म्हणे. आई पत्रक हातात धरून वाचत होती.

पाच मिनिटं फोन खाली ठेवला होता. परत आले.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. २०१२ मध्ये 'कोनी'चा तो व्हिडिओ, मुलं पळवून त्यांना सैनिक बनवणाऱ्या युगांडाच्या बंडखोराविरुद्धचा, मीही डोळे पुसत शेअर केला होता. सहा दिवसांत १० कोटी लोकांनी पाहिला होता, त्यातली एक मी. युगांडातल्या लोकांचं त्यावर काय म्हणणं होतं ते मी नंतर वाचलं. म्हणजे शेअर आधी, वाचन नंतर. त्यामुळे तुझ्यावर ओरडायचा हक्क मला किती, हा प्रश्नच आहे. पण ओरडून झालंय आता.

आता खरं ज्यांच्यासाठी लिहायचं होतं ते. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून जास्त मदतकर्मी मारले गेले, संयुक्त राष्ट्रांचाच आकडा आहे. त्यात बहुतेक सगळे त्याच देशातले, स्थानिक. चालक, परिचारिका, गोदाम सांभाळणारे. त्या एप्रिलच्या १ तारखेला गाझात वर्ल्ड सेंट्रल किचनच्या, म्हणजे संकटात लोकांना जेवण पुरवणाऱ्या संस्थेच्या, गाड्यांवर हल्ला होऊन सात जण गेले, ते सगळ्यांना आठवतं. आठवायलाच हवं. महिना संपायच्या आत त्यांनी चुली परत पेटवल्या, त्यांना जरूर फॉलो करा. पण सातांतले सहा बाहेरच्या देशांचे होते म्हणून जगाला चेहरे कळले, हेही खरं आहे. बाकीच्यांची नावं आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाहीत. मलाही नाही.

म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वर सुदानच्या इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स, म्हणजे तिथल्याच लोकांचे मदतगट. २०२३ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं, परदेशी संस्था निघून गेल्या किंवा अडकल्या, आणि गल्लीगल्लीतल्या पोरापोरींनी स्वयंपाकघरं, दवाखाने, पाणी, माणसं बाहेर काढणं, सगळं हातात घेतलं. त्यांचे फोटो बघा. मोठाली पातेली, ढवळणाऱ्यांची पाठ, पिशव्यांची रांग, आज किती जण जेवले त्याचा आकडा. रडणारं पोर शोधावं लागतं. ढवळणारा आणि जेवणारा एकाच गल्लीतला असला की कोण कुणाची वेणी सोडणार?

अजून एक कबुली देते आणि थांबते. ते माहितीपत्रक आईने फाडलं नाही. मी फाडायला निघाले होते, तिने हिसकावून घेतलं. घरातले बाकीचे सगळे फोटो त्या पुरात गेले. नवव्या वर्षीची मी फक्त त्यांच्याकडेच उरले होते. तिने खालची ओळ तेवढी कात्रीने कापली आणि फोटो कपाटात ठेवला. अजून आहे.

त्या रीलमधल्या मुलीचं कोणीतरी असेलच फ्रेमच्या बाहेर. मित्रा, लिंका पहिल्या कॉमेंटमध्ये टाकते आहे. तेवढी ती रील तुझ्या स्टेटसवरून काढ.